स्टोमाची जागा आधी ठरवा

मा. संपादक,

आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगात अनेकांना पोटावर शौचाचा मार्ग, म्हणजे स्टोमा, काढावा लागतो. माणूस वाचतो, पण पुढे लग्नकार्याला जात नाही, एसटीत बसत नाही, पोटभर जेवत नाही. का, तर मळ साठवायला स्टोमावर लावलेली पिशवी गळेल ही धास्ती. पुष्कळदा या गळतीचे मूळ स्टोमाच्या चुकलेल्या जागेत असते.

आडव्या पोटावर सपाट दिसणाऱ्या जागी माणूस उठून बसला की वळी पडते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाला निजवून, बसवून, उभे करून, वाकवून जागा पाहावी आणि तिथे खूण करावी. आपल्याकडे उकिडवे बसवूनही. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा जिथे येतो ती रेघ, बेंबी, जुने व्रण, कमरेचे हाड हे सारे टाळावे. भोवती साधारण ५ सेंमी सपाट कातडी हवी आणि रुग्णाला स्वतःला स्टोमा दिसायला हवा. पोट सुटलेल्यांना खालची खूण दिसतच नाही. त्यांच्यासाठी ती वर घ्यावी. तातडीच्या शस्त्रक्रियेत वेळ नसतो, हे मान्य. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत ही सबब चालू नये.

घरी गेल्यावर चुकते ते चकतीचे, म्हणजे पिशवी पोटाला धरून ठेवणाऱ्या चिकट गोल पट्टीचे, भोक. पहिले ६ ते ८ आठवडे स्टोमा आकसत जातो, तरी भोक दवाखान्यातल्या जुन्याच मापाने कापले जाते. मधली उघडी कातडी मळाने सोलवटते आणि ओल्या, सोललेल्या कातडीवर चकती धरत नाही. या काळात दर आठवड्याला माप घ्यावे. भोक स्टोमापेक्षा २-३ मिमीच मोठे असावे. धुवायला कोमट पाणी पुरते. तेल किंवा स्पिरिट लावू नये. कातडी कोरडी करून चकती तळहाताने मिनिटभर दाबून धरावी. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, नाहीतर तिच्या वजनाने चकती सुटते.

लहान आतड्याचा स्टोमा असलेले काही जण मळ कमी यावा म्हणून पाणीच तोडतात. हे धोक्याचे आहे. मळावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. मळ फार पातळ होऊ लागला तर ओआरएस घ्यावे आणि डॉक्टरांना कळवावे.

कर्करोगाच्या शस्त्रक्रिया होतात त्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात स्टोमाचे प्रशिक्षण घेतलेली एक तरी परिचारिका हवी. रुग्णाने किंवा घरच्या माणसाने तिच्यासमोर दोनदा पिशवी बदलून दाखवल्याशिवाय सुट्टी देऊ नये. डिस्चार्जच्या कागदावर स्टोमाचे माप, चकतीचा प्रकार आणि पुढच्या मोजणीची तारीख लिहिलेली असावी.

– एक वाचक, पुणे