सिएम रीप सहल: मंदिरं आणि तळ्याकाठचं गाव, निघण्यापूर्वी वाचावे

सर्व सहप्रवासी सभासदांना नमस्कार,

अंगकोर, म्हणजे कंबोडियातल्या सिएम रीप शहराजवळचा प्राचीन मंदिरांचा परिसर. त्याचा 3 दिवसांचा प्रवेश पास (62 डॉलर) तिथे पोचल्यावर काढायचा आहे. त्यावर प्रत्येकाचा फोटो छापलेला असतो, त्यामुळे पासांची अदलाबदल चालत नाही. जवळपास प्रत्येक मंदिराच्या दाराशी तो तपासतात. खोलीवर विसरू नका.

अंगकोर वाट या तिथल्या मुख्य मंदिराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जायला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. नुसती ओढणी गुंडाळून भागत नाही, बाह्यांचा सदरा घाला. जिना फार उभा आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी खालीच थांबावं. त्यात काही गमावणार नाही, कारण पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा जवळजवळ 49 मीटर लांबीचा शिल्पपट आहे. एका टोकाला असुर, दुसऱ्या टोकाला देव, मधे वासुकी, खाली घुसळणीत तुकडे होणारे मासे आणि मगरी. आपल्यासाठी कथा ओळखीची, म्हणून इथे घाई न करता किमान अर्धा तास द्या, ही कळकळीची विनंती. भिंतीला हात मात्र लावू नका.

कंपाँग फ्लुक हे तोनले साप तळ्याकाठचं खांबांवरचं गाव. पावसाळ्यात मेकाँग नदीच्या पुरामुळे, एरवी तळ्यातून निघून तिला मिळणारी तोनले साप नदी उलटी वाहते आणि तळं कित्येक पटींनी पसरतं, म्हणून घरं इतकी उंच. होडीचं तिकीट वेगळं आहे. ती लोकांची राहती घरं आहेत. विचारल्याशिवाय दारात कॅमेरा रोखू नका, मुलांना पैसे किंवा गोळ्या वाटू नका.

छोट्या डॉलरच्या नोटा, टोपी आणि पाण्याची बाटली सोबत घ्या.