नावं विचारायची राहिली, त्यांचे आभार

माझ्या सासूबाईंचे एक पूर्वज १६८०च्या दशकात वेल्समधून पेनसिल्व्हेनियात आले, ते क्वेकर (पाद्री न मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे) होते, एवढंच घरात ठाऊक होतं. पुढचं सगळं तुम्हा अनोळखी मंडळींमुळे कळलं.

स्वार्थमोर कॉलेजच्या क्वेकर संग्रहात शेजारी बसलेल्या आजोबांनी तारखा वाचायला शिकवलं. काही महिन्यांची नावं मूर्तिपूजकांच्या देवांवरून पडलेली म्हणून क्वेकर ती टाळत, त्याऐवजी आकडे लिहीत. त्यातही १७५२पूर्वीचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च! हे माहीत नसेल तर अख्खं चरित्र दोन महिन्यांनी सरकतं.

वेल्समधल्या ताईंनी तिथल्या सभेनं, म्हणजे स्थानिक क्वेकर मंडळीनं, गाव सोडताना दिलेल्या दाखल्याची नक्कल धाडली. माणूस सचोटीचा, कुठे लग्नाचं वचन न दिलेला, असं लिहून देत, मगच नवी सभा त्याला सामावून घेई. वेल्श लोकांत तेव्हा आपल्यासारखंच बापाचं नाव मागे लागे, पण आडनाव पिढीगणिक बदले. ती गुंतागुंत ताईंनीच सोडवली.

लग्नाचा कागद मात्र डोळे भरून बघावा असा. भटजी-पाद्री कोणी नाही, हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या, बायकांच्यासुद्धा. तो शोधून देणाऱ्या मुलीनं झेरॉक्सचे पैसेही घेतले नाहीत.

आणि पेनसिल्व्हेनियातल्या मेरियनच्या जुन्या क्वेकर सभागृहापाशी भेटलेले काका, सुरुवातीचे क्वेकर थडग्यावर दगडच बसवत नसत हे तुम्ही सांगितलंत, म्हणून आम्ही दफनभूमीतला शोध थांबवला. मनापासून आभार.