चॅप्लिनवर पानभर लेख, पण त्याला पहिली संधी देणाऱ्याचं नावच नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत चार्ली चॅप्लिनवर पानभर लेख आला होता. आवडला, फोटो पण छान निवडलेत, पण वाचून झाल्यावर राहवलं नाही म्हणून हे लिहितोय. लेखात म्हटलंय की पहिल्या फिल्मपासूनच चार्ली तो ढगळ पँट, काठी आणि गोल टोपीवाला भटक्या होता. तसं नाहीये. त्याची पहिली फिल्म 'मेकिंग अ लिव्हिंग' 2 फेब्रुवारी 1914 ला आली आणि त्यात तो उंच टोपी, लांब कोट, लोंबत्या मिशा आणि एका डोळ्याला भिंग अशा अवतारात आहे, सांगितल्याशिवाय ओळखू पण येत नाही. भटक्या लोकांना दिसला तो त्यानंतर पाच दिवसांनी, 7 फेब्रुवारीला आलेल्या 'किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस' मध्ये. ही चूक एकवेळ सोडून दिली असती, पण अख्ख्या पानात मॅक सेनेट हे नाव एकदाही नाही, 'कीस्टोन कंपनीत सुरुवात केली' एवढं अर्धं वाक्य आहे बस. कंपनी काय आपोआप चालत होती का? ती काढणारा, चार्लीला आठवड्याला 150 डॉलर देऊन स्टेजवरून उचलून आणणारा माणूस कोणीतरी होता ना.

हा सेनेट मूळचा कॅनडातला, क्विबेक प्रांतातल्या आयरिश घरातला, जन्म 17 जानेवारी 1880, खरं नाव मायकेल सिनॉट. वयाच्या सतराच्या आसपास घरच्यांबरोबर अमेरिकेत कनेक्टिकटला आला आणि लोखंडाच्या कारखान्यात अंगमेहनतीचं काम करायला लागला. डोक्यात मात्र ऑपेरा सिंगर व्हायचं होतं. ते काही जमलं नाही, न्यूयॉर्कला बर्लेस्कमध्ये (म्हणजे थिल्लर विनोद आणि नाचगाण्याचे शो), कोरसच्या मागच्या रांगेत अशी वर्षं काढली आणि 1908 ला बायोग्राफ कंपनीत फिल्मच्या कामाला लागला. तिथे डी. डब्ल्यू. ग्रिफिथ हा डायरेक्टर होता. ग्रिफिथ चालत जायचा तेव्हा हा पण त्याच्याबरोबर चालायचा आणि रस्ताभर त्याला फिल्मबद्दल विचारत राहायचा. त्याची फिल्म इंडस्ट्रीची शाळा म्हणाल तर ही.

1912 मध्ये केसेल आणि बाउमन या दोघांनी पैसा घातला आणि लॉस एंजेलिसच्या एडनडेल भागात कीस्टोन सुरू झाली, पहिल्या फिल्म्स त्याच वर्षी 23 सप्टेंबरला रिलीज झाल्या. आता काम कसं चालायचं ते बघा. इको पार्कच्या तलावातलं पाणी सोडणार असं कळलं की यांची गँग कॅमेरा घेऊन तिथे हजर, त्याच चिखलात पडापडी करून 1913 ला 'अ मडी रोमान्स' ही फिल्म काढली. सेटचा खर्च शून्य. चार्लीची ती व्हेनिसची फिल्म पण तशीच. लहान मुलांच्या गाड्यांची खरोखरची रेस चालू होती, तिथे कॅमेरावाला रेस टिपायला बघतोय आणि हा भटक्या सतत कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहतो, डायरेक्टर त्याला ढकलतो, हा पडता पडता सावरतो, टोपी नीट करतो आणि परत येतो. मागे उभी असलेली पब्लिक खरी आहे, पैसे देऊन आणलेली नाही. यूट्यूबवर आहे, एकदा चार्लीकडे न बघता फक्त मागच्या लोकांकडे बघा. आधी त्यांना कळतच नाही हा कोण वेडा मध्ये येतोय, मग एक हसतो, मग शेजारचा, मग रांगच्या रांग. या पात्रावर हसलेली पहिली पब्लिक ती, आणि ते हसू फिल्ममध्ये सापडलंय. मला तर ते बघताना दर वेळी अंगावर काटा येतो.

आणि तो सुसाट वेग. त्या काळी कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालायचा, हँडल जरा सावकाश फिरवलं की सेकंदाला चित्रं कमी निघायची आणि तीच रीळ थिएटरात नेहमीच्या स्पीडने चालवली की पडद्यावर माणसं वाऱ्यासारखी पळायची. कीस्टोनचे ते बावळट पोलीस, एकाच गाडीला लोंबकळणारे, वळणावर एकेक करून गळून पडणारे, ते असे बनलेत. अमेरिकेत तेव्हा इटली, पोलंड, रशियातून आलेले लाखो मजूर होते, बऱ्याच जणांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण पोलीस धपकन पडला हे कळायला भाषा कशाला लागते? आमच्या गल्लीत मी लहान असताना गणपतीत रस्त्यावर पांढरा पडदा बांधून सिनेमे दाखवायचे, मेन पिक्चरच्या आधी असलीच पळापळीची एक छोटी रीळ लावायचे. आमची आजी, जिने थिएटर आतून कधी बघितलं नव्हतं आणि इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, ती पदर तोंडाला लावून इतकी हसायची की शेवटी तिला ठसका लागायचा. कोणाची फिल्म आहे ते ना तिला माहीत ना आम्हाला, आणि म्हणूनच म्हणतोय की आता तरी नाव छापा.

मेबल नॉर्मंडचं पण नाव राहिलंय. ती कीस्टोनची हिरोईन होती, सुरुवातीपासून सेनेटबरोबर, स्वतः फिल्म्स डायरेक्ट करायची आणि त्यातल्या काहींमध्ये चार्लीने तिच्या हाताखाली काम केलंय. सेनेट आणि तिचं लग्न होणार होतं, 1915 मध्ये ते मोडलं, सेनेटने पुढे जन्मभर लग्न केलं नाही. ती 1930 मध्ये टीबीने गेली, वय अवघं 37. तिच्यावर वेगळा लेख होईल, खरंच करा.

सेनेटचं चुकलं कुठे ते पण सांगतो, उगाच देवपण द्यायचं नाहीये. माणूस ओळखण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं पण पैसे सोडायला हात कचरायचा. 1914 च्या एका वर्षात चार्लीने त्याच्यासाठी 36 फिल्म्स केल्या, त्यातली 'टिलीज पंक्चर्ड रोमान्स' तर पूर्ण लांबीची कॉमेडी, आणि वर्ष संपल्यावर त्याने आठवड्याला 1000 डॉलर मागितले तर सेनेटने दिले नाहीत. एसाने कंपनीने 1250 दिले आणि चार्ली गेला. मग बाकीच्या नट-नट्यांचंही हेच होत राहिलं, फॅटी आर्बकल गेला, ग्लोरिया स्वॉन्सन गेली, हॅरी लँगडन गेला, लँगडनसाठी गॅग म्हणजे विनोदी प्रसंग लिहिणारा फ्रँक काप्रा गेला आणि मोठा डायरेक्टर झाला. सगळे शिकले इथे आणि कमावलं दुसरीकडे. 1917 मध्ये तर कीस्टोन हे नावसुद्धा सेनेटच्या हातातून गेलं, त्याने स्वतःच्या नावाने नवी कंपनी काढली. तिकडे हॅल रोच या दुसऱ्या निर्मात्याने आपल्या जाड्या-रड्याची, म्हणजे लॉरेल-हार्डीची, जोडी जमवली, गोष्ट जरा निवांत सांगायला लागला, आणि लोकांना पण नुसत्या पळापळीपेक्षा तेच जास्त आवडायला लागलं. माझ्या मते सेनेटला खरा मार तिथे बसला, बोलपट नंतर आला.

बोलपटात त्याने हातपाय मारले, नाही असं नाही. गायक बिंग क्रॉस्बीच्या गाण्यांच्या छोट्या फिल्म्स काढल्या, विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्सच्या चार काढल्या त्या आजही खळखळून हसवतात. पण 1929 च्या शेअर बाजाराच्या पडझडीत पैसा गेला होता आणि 1933 मध्ये दिवाळं निघालं. वय 53. त्यानंतर 27 वर्षं जगला, 5 नोव्हेंबर 1960 ला वारला, पण तो जुना जम काही परत बसला नाही. मधे 1938 मध्ये ॲकॅडमीने खास ऑस्कर दिलं, तेव्हा त्याच्याकडे स्टुडिओ उरला नव्हता. एडनडेलचं त्याचं जुनं शूटिंगचं शेड अजून उभं आहे, ग्लेंडेल बुलेवार्डवर, आत लोक भाड्याने खोल्या घेऊन घरातलं जास्तीचं सामान ठेवतात.

1912 मध्येच आपल्याकडे दादरला दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'चं शूटिंग करत होते, पुढे त्यांनी 'पिठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फिल्मही केली. दोघांनी एकमेकांचं नाव तरी ऐकलं असेल का काय माहीत. पण दोघंही हँडल फिरवायच्या कॅमेऱ्याच्या जमान्यातले आणि दोघांचाही धंदा शेवटी हातातून गेला. फाळक्यांची आठवण आपला पेपर दर वर्षी काढतो, त्याचं कौतुकच आहे.

तर विनंती दोनच. ती पहिल्या फिल्मची चूक पुढच्या रविवारी छोट्या चौकटीत का होईना दुरुस्त करा. आणि 17 जानेवारीला सेनेटची जयंती असते, त्या आठवड्यात त्याच्यावर आणि मेबलवर अर्धं पान द्या, लिहायला कोणी नसेल तर मी लिहून पाठवतो, मानधन नको.

आपला जुना वाचक,
सांगली