धड ना सायकल, धड ना गाडी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात ‘ई-बाईक’ हा शब्द दिसला की मी चष्मा शोधून बातमी शेवटपर्यंत वाचते आणि बहुतेक वेळा माझा हिरमोड होतो. कधी ती लाखभर रुपयांची स्कूटर निघते, कधी ई-बाईक टॅक्सी. कुठं आग लागली की तिथंही ‘ई-बाईक’च. माझ्याकडे आहे ती सायकल. तिला पॅडल आहे, साखळी आहे, घंटी आहे. मागच्या चाकाच्या मध्यभागी चहाच्या डब्याएवढी मोटर आणि दांड्यावर कुलपातली बॅटरी, एवढंच काय ते जास्तीचं. पण या दोन वस्तूंमुळे गेली तीन वर्षं मला कोणी सायकलवाली मानायला तयार नाही आणि गाडीवाली तर नाहीच नाही. म्हणून हे पत्र.

मी बावधनला राहते आणि अप्पा बळवंत चौकाजवळ वह्या-पुस्तकांच्या एका घाऊक दुकानात हिशेब बघते. वय ५४, गुडघे त्याहून मोठे. जायचे-यायचे मिळून बावीसेक किलोमीटर होतात. सकाळी चांदणी चौक ओलांडला की कोथरूडपर्यंत उतार, काही करावं लागत नाही. संध्याकाळी तोच चढ. साध्या सायकलवर तो चढ मी दोनदा करून पाहिला. दुसऱ्यांदा घरी आले तेव्हा ह्यांनी काही न बोलता लिंबूपाणी पुढे केलं आणि २०२२ च्या दिवाळी पाडव्याला ही सायकल घरात आली. किंमत ३८ हजार. दुकानदार म्हणाला एका चार्जिंगमध्ये ६० किलोमीटर जाईल. माझ्या वजनाला, माझ्या डब्याला आणि चांदणी चौकाला ती नवी असताना ३५ ते ४० गेली. फसवणूक म्हणत नाही मी त्याला. स्थळाच्या फोटोत जेवढं खरं असतं तेवढं त्यात होतं.

आता कायद्याचं. मोटर अडीचशे वॅटच्या आतली, ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगाला मोटरची मदत बंद, पुढं पांढरा आणि मागं लाल परावर्तक असला की केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे हे मोटार वाहन नव्हे. नोंदणी नाही, परवाना नाही, नंबरप्लेट नाही. हे मला पाठ आहे, कारण लकडी पुलावर दुचाक्यांना बंदी होती त्या काळात मला तिथं थांबवून ‘पाटी कुठंय?’ असं विचारलं गेलं. सायकलींना बंदी नव्हती. मी उतरून पॅडल उलटं फिरवून दाखवलं. ‘पण आवाज येतोय ना,’ असं उत्तर मिळालं. पंधरा मिनिटांनी सुटले. पण त्याच आठवड्यात एका वाहनतळावर सायकलच्या रांगेत लावू देईनात आणि पैसे स्कूटरचे घेतले. पावतीवर गाडी क्रमांकाच्या जागी त्या मुलानं माझं आडनाव लिहिलं, ती अजून जपून ठेवली आहे.

पंक्चरची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ई-सायकल घेणाऱ्याला शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही. नळ स्टॉपच्या अलीकडे मागचं चाक बसलं. पहिल्या पंक्चरवाल्यानं मोटर बघून हात मागे घेतले. ‘ताई, हे करंटवालं आहे, आपण नाही हात लावत.’ पुढच्या टू-व्हीलर गॅरेजात म्हणाले, ‘ही सायकल आहे, सायकलवाल्याकडे न्या.’ बावीस किलोची सायकल ढकलत, एरंडवण्यातल्या गल्लीत झाडाखाली बसलेल्या एका काकांपाशी पोचले. त्यांनी सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ‘चाक काढायचं कशाला?’

पोतं अंथरून सायकल आडवी केली. आसातून निघालेली मोटरची वायर कुठून कुठं जाते ते बोटानं बघून घेतलं आणि त्या बाजूला गुडघा लागू दिला नाही. दोन पट्ट्या घालून टायरची एकच कड रिमच्या बाहेर काढली, ट्यूब हातानं ओढून घेतली, हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात जेवढी पोचेल तेवढी बुडवत नेली. बुडबुडा आला. पॉलिश पेपर घासला, सोल्यूशन लावलं, फुंकर मारली. सोल्यूशन सुकेपर्यंत टायरच्या आतून बोट फिरवत राहिले आणि नखाएवढा तारेचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. ‘हा राहिला असता तर उद्या परत आला असतात.’ ४० रुपये. चाक जागचं हललं नाही. मोटरची वायर न सोडवता चाक ओढून काढलं असतं तर ती तुटली असती आणि काम काही हजारांत गेलं असतं. त्या दिवसापासून पिशवीत दोन पट्ट्या, पॅच, छोटा पंप आणि आसाच्या नटांचा अठरा नंबरचा पाना असतो. पाना अजून एकदाही लागलेला नाही, पण तो असला की धीर राहतो.

पिशवीवरून आठवलं. सायकलबरोबर आलं ते मोबाईल अडकवायचं स्टँड. मडगार्ड नाहीत, कॅरिअर नाही, साखळीला झाकण नाही. म्हणजे ही सायकल ज्यानं आखली तो पुण्याच्या पावसात ओढणी घेऊन कधी निघाला नसावा. नाना पेठेत हिंडून मडगार्ड, जाड सळीचं कॅरिअर, ओढणीसाठी जाळी, डावीकडचा आरसा आणि दुपायी स्टँड जमवलं. एकपायी स्टँडवर मागची जड बाजू तोल सोडते आणि सायकल शेजारच्या गाडीवर रेलते, मग पार्किंगमधली भांडणं. बोहरी आळीतून रेक्झिन आणून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या थैल्या शिवून घेतल्या. एकीत डबा आणि रेनकोट, दुसरीत चार्जर सोडून बाकी सगळं. त्या मोबाईल स्टँडात मी आता वाण्याची यादी खोचते.

देखभालीला फार काही लागत नाही, पण जे लागतं ते टाळता येत नाही. ही सायकल साधीपेक्षा जड आणि रोज उतार असलेली, त्यामुळे ब्रेकची पॅड लवकर झिजतात. हवा मी दर शनिवारी बघते, कारण कमी हवेत बॅटरीही जास्त खाते. मागच्या चाकाचे आरे वर्षातून एकदा आवळून घ्यावे लागतात, मोटरचा जोर त्यांच्यावर येतो. आणि धुताना पाइप नाही. ओलं फडकं.

२०२३ च्या जुलैत चार दिवसांच्या झडीनंतर मोटर चालेनाशी झाली. सायकलच्या पडद्यावर बॅटरी भरलेली, दिवा लागतो, पॅडल मारलं तर मदत शून्य. जिथून घेतली तिथं नेली. तिथल्या मुलानं बटण तीनदा दाबून ‘कंट्रोलर गेला’, म्हणजे मोटरला वीज सोडणारी पेटी गेली, असं जाहीर केलं. ४,८०० रुपये, शिवाय माल यायला तीन आठवडे. मी ‘कळवते’ म्हणून ढकलत घरी आणली. रात्री ह्यांनी बाल्कनीतून विचारलं, ‘तुझा मागचा लाल दिवा सारखा का पेटलाय?’ तिथं कोडं सुटलं. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हावी म्हणून ब्रेकच्या मुठीत एक बारीक स्विच असतो, तोच मागचा दिवाही लावतो. पावसानं ब्रेकची केबल गंजली होती, त्यामुळे मूठ पूर्ण परत येत नव्हती आणि सायकलीला वाटत होतं की मी चार दिवस ब्रेक दाबूनच बसले आहे. नवी केबल आणि तेलाचे दोन थेंब, १२० रुपये. त्या मुलाचा मला राग नाही. त्याला विकायला शिकवलं आहे, दुरुस्तीचं शिकवलेलं नाही. सायकलवाल्या काकांना वायर शिकवणारं कोणी नाही आणि मोटरवाल्याला आरे आवळता येत नाहीत.

आता सोसायटी. गेल्या वर्षी फलकावर सूचना लागली, ‘ई-बाईक चार्जिंगला सक्त मनाई’. पार्किंगमध्ये तर मी कधीच करत नव्हते. माझी बॅटरी निघते. ती तीन किलोच्या आतली, खांद्याच्या पिशवीतून वर येते. तरी मला बैठकीत उभं केलं. मी सांगितलं की ही ३६ व्होल्टची, दहा अँपिअर-तासांची आहे, स्कूटरची बॅटरी हिच्या सात-आठ पट असते. पूर्ण भरायला अर्ध्या युनिटच्या आत वीज लागते, म्हणजे युनिटला दहा रुपये धरले तरी पाच रुपये नाहीत. एका काकांनी विचारलं, ‘मग आग लागत नाही म्हणता?’ नाही, असं मी म्हणत नाही. लिथियमची बॅटरी आहे, तिला भ्यावंच. म्हणून मी ती रात्री झोपताना कधी लावत नाही. बाहेरून आल्या आल्या, गरम असताना लावत नाही. पहाटे साडेपाचला उठले की बाल्कनीतल्या फरशीवर, दारापासून आणि पडद्यापासून लांब, तिच्याबरोबर आलेल्या चार्जरनंच लावते आणि पोळ्या होईपर्यंत ती भरते. पडलेली, फुगलेली किंवा पाण्यात गेलेली बॅटरी पुन्हा लावायची नाही. स्वस्तातला दुसरा चार्जर लावायचा नाही. भर उन्हात सायकल उभी करायची नाही. आठवडाभर गावाला जायचं तर निम्मी भरून ठेवायची. सूचना लावायचीच तर ही लावा, असं मी सुचवलं. शेवटी अक्षर माझंच चांगलं म्हणून लिहायचं कामही मलाच आलं.

गेल्या हिवाळ्यात, साडेअकरा हजार किलोमीटर झाल्यावर, बॅटरी थकली. चांदणी चौकाच्या चढावर निम्म्यात मान टाकायची. पाचशेच्या वर वेळा भरली होती, तिनं आपलं काम केलं, तक्रार नाही. तक्रार पुढच्या प्रकाराची आहे. ‘तुमचं मॉडेल बंद झालं.’ बॅटरीचा साचा बदलला, कुलपाची खाच बदलली, जोडणीच्या पिना बदलल्या. आतले सेल तेच, तेवढेच व्होल्ट, पण बाहेरचं खोकं माझ्या दांड्यावर बसेना. कोणी म्हणालं, जुन्याच खोक्यात नवे सेल भरून देतो. खोक्यातल्या दहा ओळींमधले सेल एकसारखे नसतील तर बॅटरी पेटूही शकते हे वाचलेलं असल्यामुळे मी नमस्कार केला. सात आठवडे बसची वाट बघत काढले. (मेट्रो वनाजला सुरू होते, बावधनला नाही.) मग कुठल्याशा गोदामातून एक निघाली. १६ हजार आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण १८,८८०.

मी हिशेबाची बाई, म्हणून हे खुपलं. अख्खी ई-सायकल बॅटरीसकट घेतली तेव्हा कर होता ५ टक्के. त्या वेळी साध्या सायकलला १२ होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ५ झाला, छान झालं. पण तीच बॅटरी सुटी घेतली की १८. म्हणजे जुनी सायकल नीट चालवणाऱ्यानं जास्त भरायचं. ५ टक्के असता तर माझे २,०८० रुपये वाचले असते, त्यात पुढच्या दोन वर्षांचे ब्रेक आणि टायर सुटले असते. सवलत द्यायची नसेल तर देऊ नका, निदान बॅटरीचे साचे दोन-चार ठरावीक करा. स्वयंपाकाच्या सिलिंडरला जसा कुठलाही रेग्युलेटर बसत नाही पण ठरलेला कुठंही मिळतो, तसं.

आणि जुनी बॅटरी? २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. मी ती पिशवीत घालून दुकानात नेली. ‘आमच्याकडे तशी सोय नाही, भंगारात देऊन टाका,’ असं सांगितलं. भंगारवाल्यानं ५० रुपये देऊ केले आणि हातोडी उचलली. मी बॅटरी परत घेतली, कारण त्या हातोडीनं पुढं काय झालं असतं याची त्याला कल्पना नव्हती.

तर माझ्या मागण्या तीनच. बातमीत ई-सायकलला ई-सायकल म्हणा. नियमांत जे लिहिलं आहे ते वाहनतळावरच्या मुलापर्यंत पोचवा. आणि जुनी बॅटरी नक्की कुठं, कोणत्या वारी द्यायची, ते एकदा आपल्या शहराच्या पानावर छापा. माझी सध्या बाल्कनीत, कोरड्या वाळूच्या कुंडीत, तुळशीपासून चार हात लांब ठेवली आहे. ह्यांना सकाळी झाडांना पाणी घालताना तिला वळसा घालावा लागतो. माझा पत्ता आणि फोन आपल्या कचेरीत दिला आहे. ती न्यायला कोणी अधिकृत माणूस येणार असेल तर संध्याकाळी सातनंतर यावं. तोवर मी चढ संपवून घरी आलेली असते.

आपली नियमित वाचक,
बावधन, पुणे