चिऊच्या कॉमिक्सबद्दल

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू जे तणतणलास त्याला नीट उत्तर द्यायचं राहून गेलं. ‘चिऊला मारामारीचं पुस्तक म्हणून आणून दिलं आणि आत निघालं प्रेमप्रकरण!’ हे तुझं वाक्य, आणि मागून वहिनींचं हसणं. अरे, मुखपृष्ठावर ‘स्पायडर-मॅन लव्हज मेरी जेन’ एवढं ठसठशीत छापलंय. आत पाककृती निघतील असं वाटलं होतं का? पत्र अशासाठी लिहितोय की फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

प्रेम या कॉमिक्समध्ये आत्ता कुणी घुसडलेलं नाही. जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीने १९४१ साली कॅप्टन अमेरिका आणला, त्याच दोघांनी १९४७ मध्ये ‘यंग रोमान्स’ काढलं. सगळ्या प्रेमकथा, आणि खप तुफान. १९५४ मध्ये कॉमिक्सवाल्यांनी स्वतःवर एक आचारसंहिता घालून घेतली. तिच्यात प्रेमकथांनी घराचं मोल आणि विवाहाचं पावित्र्य ठसवावं असं कलमच होतं. तुझ्या आजोबांनी मसुदा केला असावा इतकं ते ओळखीचं वाटतं.

स्पायडर-मॅन आला १९६२ मध्ये. पंधरा वर्षांचा, चष्मेवाला, वर्गात कुणी विचारत नाही असा पोरगा. खरं नाव पीटर पार्कर. पहिला चित्रकार स्टीव्ह डिट्को, त्याने काढलेला पीटर तसा किडमिडीतच होता. १९६६ मध्ये डिट्कोने काम सोडलं आणि त्याच्या जागी जॉन रोमिटा आला. हा माणूस त्याआधी कित्येक वर्षं प्रेमकथांचीच चित्रं काढत होता. त्याच्या हातात पडल्यावर पीटरचे खांदे रुंदावले, केस नीट बसले आणि अवतीभवतीच्या मुली एकाएकी सुंदर झाल्या. तुला ज्या भेसळीचा राग आलाय ती साठ वर्षं जुनी आहे.

त्यातला मेरी जेनचा प्रवेश तर आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखा आहे. पीटरला वाढवणारी त्याची मे काकू, तिची शेजारीण अ‍ॅना वॉटसन, आणि तिची ही भाची. काकू कित्येक अंक पीटरच्या मागे लागलेली असते, ‘एकदा भेट तरी तिला’, आणि हा दर वेळी काहीतरी कारण काढून सटकतो. १९६५ च्या एका अंकात ती घरी येतेसुद्धा, पण डिट्कोने तिच्या तोंडापुढे मोठं फूल आणून ठेवलं. बाकीच्या मुली तिला बघून गार पडतात, वाचकाला मात्र चेहरा दिसत नाही. तो दिसला थेट नोव्हेंबर १९६६ च्या बेचाळिसाव्या अंकात. दारात उभी राहून ती पीटरला सांगते, ‘कबूल कर वाघा, तुला लॉटरी लागलीय.’ पाहायला आलेल्या मुलाला मुलीनेच असं ऐकवावं!

पण त्या जुन्या अंकांत एक गोष्ट मला बोचते. मुलगी तिथे असते ती वाट बघायला, रुसायला, नाहीतर उंचावरून पडायला. पीटर दर वेळी मध्येच उठून पळतो, का ते सांगत नाही, आणि आपण कळवळतो ते त्याच्यासाठी. ती हॉटेलात एकटी बसलेली असते, तिच्या बाजूला कॅमेरा वळतच नाही. या वागण्याचं टोक म्हणजे जून १९७३ चा एकशे एकविसावा अंक. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक पीटरच्या मैत्रिणीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली टाकतो, पीटर जाळं टाकून तिला झेलतो, आणि मानेपाशी बारीक अक्षरांत एक ‘स्नॅप’, मान मोडल्याचा आवाज. तो शब्द पुष्कळांना पहिल्या वाचनात दिसतही नाही. तो अंक लिहिणाऱ्या जेरी कॉन्वेने पुढे मोकळेपणाने सांगितलं की त्याला ग्वेनपेक्षा मेरी जेन जास्त आवडायची. म्हणजे त्या बिचारीचा कथेबाहेरही कुणी वाली नव्हता.

तरी एक खरं. त्याच्या पुढच्या अंकाचं शेवटचं पान मला या सगळ्या ढिगातलं सर्वांत चांगलं प्रेमदृश्य वाटतं. पीटर मेरी जेनवर वसकन ओरडतो, चालती हो म्हणतो. ती रडत दारापर्यंत जाते, थांबते, दार आतून लावते आणि तिथेच राहते. मिठी नाही, चुंबन नाही, संवादही नाही.

आता चिऊच्या पुस्तकाकडे येतो. शॉन मकीव्हरने लिहिलेली आणि मुख्यतः ताकेशी मियाझावाने मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या, वळणाने काढलेली ही मालिका २००५ ते २००७ चालली. त्याआधी ‘मेरी जेन’ नावाने थोडे अंक झाले होते. इथे गोष्ट मेरी जेनची आहे. ती, लिझ, फ्लॅश आणि हॅरी असे चौघे, आणि त्यांच्यातले रुसवेफुगवे. स्पायडर-मॅन बहुतेक वेळा कडेला. त्या मुखवट्यावर तिचा जीव जडलाय, आणि मुखवट्याखालचा मुलगा तिच्याच शाळेत आहे, हे आपल्याला माहीत, तिला नाही. जुन्या अंकांत गुपित त्याचं आणि ताप तिला होता. इथे आपण तिच्या बाजूला बसून तो ताप बघतो. कुणाला हो म्हणायचं, कुणाला नाही, आणि मैत्रिणीच्या मित्राचा आपल्यावरच डोळा असला तर काय करायचं, हे सगळं तिलाच ठरवावं लागतं. सातवीतल्या मुलीने हे वाचू नये तर काय एकशे एकविसावा अंक वाचावा?

याच्यानंतर तिला कमला खान, म्हणजे ‘मिस मार्व्हल’, दे. जर्सी सिटीतली, पाकिस्तानी आईवडिलांची मुलगी; जी. विलो विल्सनने २०१४ मध्ये लिहायला घेतली, पहिल्या खंडाला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. त्यात कामरान नावाचा मुलगा येतो. आईवडिलांच्या ओळखीतला, देखणा, आवडीनिवडी जुळणारा. तू तर लगेच पत्रिका मागितली असतीस. तो तिला गाडीतून भलत्याच ठिकाणी नेतो आणि वर ऐकवतो की गाडीत तू स्वतःहून बसलीस. ही चार पानं मला दहा व्याख्यानांहून मोलाची वाटतात. आणि दुसरीकडे ब्रूनो, दुकानात काम करणारा जुना मित्र. कमलाचा भाऊ त्याला अगदी प्रेमाने समजावतो की आमच्या घरात हे जमायचं नाही. ओरडत नाही, धमकी देत नाही, म्हणूनच ते जास्त लागतं. पुढे ब्रूनो मनातलं बोलतो. तीही प्रेम आहे म्हणते, पण आत्ता नाही म्हणते. मग त्याला दुसरी मैत्रीण मिळते आणि बाईसाहेब जळतात! सोळाव्या वर्षाचं इतकं खरं चित्र मला दुसऱ्या सुपरहिरोत सापडलेलं नाही.

सगळंच मी डोळे मिटून देणार नाही. एक्स-मेनमधली किटी प्राइड १९८० मध्ये आली तेव्हा साडेतेरा वर्षांची होती, आणि तिची जोडी जमवली ती चांगल्या थोराड कोलोससशी. हे गोड म्हणून दाखवलंय, मला ते गोड वाटत नाही. चिऊने ते अंक मागितले तर दे, पण आपण दोघं आधी वाचू आणि तिच्याशी बोलू. मुंबईतला पवित्र प्रभाकर, म्हणजे देशी स्पायडर-मॅन, आणि त्याची मीरा जैनही आहेत, २००४ चे, पण त्या मालिकेचे चारच अंक. प्रेम फुलायला जागाच नाही.

कमलाचे पहिले खंड पुढच्या आठवड्यात घेऊन येतो. ग्वेनचा अंक पिशवीत वेगळा बांधलेला असेल, तो तुझ्यासाठी. वाचून झाल्यावर मला सांग, चिऊला नको. आणि पुस्तकं परत हवीत. मागच्या वेळी मुखपृष्ठावर चहाचा कप ठेवला होतास.

वहिनींना नमस्कार, चिऊला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या