असीरगडाचे खड्डे

मध्य प्रदेशातील असीरगड किल्ल्याजवळ सोन्याच्या मोहरांसाठी मेटल डिटेक्टर घेऊन लोकांनी रात्री शेते खणल्याची बातमी (मार्च २०२५) वाचली. मोहर मिळो न मिळो, ती कोणत्या थरात, कशासोबत होती हा पुरावा कुदळीने कायमचा पुसला जातो. इंग्लंडमधील हॉक्सन येथे १९९२ मध्ये हरवलेला हातोडा शोधताना एका गृहस्थास रोमन नाणी लागली. थोडी काढून त्याने हात आवरला, अधिकाऱ्यांना कळवले. म्हणूनच सुमारे १५ हजार नाण्यांबरोबर ती ठेवलेल्या लाकडी पेटीच्या खुणाही पुरातत्त्वज्ञांना टिपता आल्या. (हातोडाही सापडला!) आपल्याकडे १८७८च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. ही तरतूद किल्ल्यांलगतच्या ग्रामपंचायतींनी फलकावर ठळक लावावी.

– एक वाचक, जळगाव