मांजरांची वृत्तसेवा आणि मुलांचे पान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत मुलांना दाखवण्याजोग्या चित्रपटांची आपल्या पुरवणीत आलेली यादी वाचली. यादीतले सगळे चित्रपट अमेरिकेतल्या मोठ्या स्टुडिओंचे आहेत. ते चांगले नाहीत असे मी म्हणत नाही. पण मुलांच्या चित्रपटांचे जग तेवढ्यावर संपत नाही. त्या यादीत एका डच चित्रपटाची भर घालावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहायला घेतले. लिहिता लिहिता एक मागणीही सुचली. तीही मांडते.

चित्रपटाचे नाव ‘मिनूस’. तो 2001 सालचा असून विन्सेंट बाल हे त्याचे दिग्दर्शक आहेत. आनी एम. जी. श्मिट या डच लेखिकेच्या 1970 साली आलेल्या पुस्तकावर तो बेतला आहे. मिनूस ही एक मांजर. कारखान्याच्या ट्रकमधून पडलेल्या पिंपातले रसायन तिच्या पोटात जाते आणि तिची तरुण मुलगी होते. शरीर माणसाचे झाले तरी खोड मांजराची जात नाही. कुत्रा दिसला की ती झाडावर चढते, मासळीच्या वासाने खिडकीतून आत येते आणि झोपायला तिला पुठ्ठ्याचे खोके लागते. कारिस व्हान हाउटेन या अभिनेत्रीने हे सगळे शेपटी, मिशा किंवा टोकदार कान न लावता केले आहे. मान वळवण्याची ढब, अनोळखी माणसाजवळ जाण्याआधीचे क्षणभर थबकणे, घशातल्या घशातली गुरगुर, एवढ्यावर तिने मांजर उभी केली आहे. या भूमिकेसाठी तिला ‘गोल्डन काफ’ हा नेदरलँड्समधला मानाचा पुरस्कार मिळाला. भिंतीवर बसलेले एखादे मांजर या अभिनेत्रीने किती वेळ न कंटाळता पाहिले असेल, असे वाटत राहते. खऱ्या मांजरांकडूनही दिग्दर्शकाने भरपूर काम करून घेतले आहे आणि ती बोलताना त्यांचे ओठ संगणकाच्या मदतीने हलवले आहेत.

पण आपल्याला पत्र लिहावेसे वाटले ते या चित्रपटातल्या वर्तमानपत्रामुळे. किलेनडोर्न नावाच्या काल्पनिक गावातल्या दैनिकात टिबे हा तरुण बातमीदार नोकरी करतो. स्वभावाने तो इतका बुजरा की चारचौघांत प्रश्न विचारायला त्याची जीभ रेटत नाही. मग तो लिहितो कशावर, तर मांजरांवर. शेवटी संपादकांकडून तंबी मिळते, की आता खरी बातमी आण, नाहीतर घरी बस. अशा वेळी मिनूस त्याच्या माळ्यावर येते आणि गावातल्या मांजरांकडून बातम्या मिळवून त्याला देऊ लागते. मांजर कुठे नसते? बेकरीत, शाळेत, हॉटेलच्या मागच्या दारी, नगरपालिकेच्या आवारात. माणसे मांजरासमोर मोकळेपणाने बोलतात, आणि दुपारी बोललेले रात्री कौलाकौलांवरून फिरते. पुस्तकात याला चक्क ‘मांजरांची वृत्तसेवा’ म्हटले आहे.

गावात एलेमेट नावाचे एक बडे प्रस्थ आहे. दुर्गंधीनाशकांच्या कारखान्याचे मालक, दानशूर, प्राणिप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. त्यांना कारखाना वाढवायचा आहे. एका माणसाची हेरिंग मासळी विकण्याची गाडी कोणीतरी मोटारीने उडवते. ती एलेमेट यांनीच उडवली हे मांजरांनी पाहिलेले असते. टिबे हे छापतो, पण त्याच्या हातात पुरावा नसतो. मांजराची साक्ष कोण धरणार? आणि ज्या माणसांना ठाऊक आहे ती तोंड उघडायला तयार नाहीत. टिबेची नोकरी जाते, डोक्यावरचे छप्परही जाते. पुढचे सांगत नाही, ते मुलांनी पाहूनच कळावे.

आमच्या भागातल्या बालवाचनालयात मी हा चित्रपट मुलांना दाखवला. खाली इंग्रजी अक्षरे येत होती. लहान मुलांना ती वाचता येईनात, म्हणून अडेल तिथे थांबवून मी मराठीत सांगत गेले. टिबेला काढून टाकतात तिथे एक मुलगी रागावून म्हणाली, “पण तो खरं बोलत होता ना!” दुसरा म्हणाला, “खरं असलं तरी दाखवायला काहीतरी पाहिजे.” या दोघांचा वाद चित्रपट संपल्यावरही चालू होता आणि मोठी मुले त्यात पडली. बघितलेले आणि ऐकलेले यांत फरक काय, साक्षीदार घाबरला तर बातमीदाराने काय करायचे, ज्याने माहिती दिली त्याचे नाव सांगायचे की नाही, असे प्रश्न नऊ-दहा वर्षांची मुले एकमेकांना विचारत होती. मी आयुष्यभर शाळेत शिकवले. नागरिकशास्त्राच्या तासाला हे प्रश्न इतक्या पोटतिडकीने विचारलेले मी ऐकले नाहीत. मोबाइलवर आलेला कुठलाही मजकूर खरा मानून पुढे ढकलणाऱ्या घरांत ही मुले वाढत आहेत. बातमी म्हणजे काय, हे त्यांना दहाव्या वर्षी कळले तर फार बरे होईल.

काही पालकांनी विचारले, की असल्या भाकडकथा कशाला? मांजरे बोलतात, मांजराची बाई होते! ज्यांच्या आजीने वाघाच्या मावशीच्या गोष्टी सांगितल्या त्यांनी हे विचारावे याचे मला वाईट वाटले. या गोष्टीत जादू एकदाच होते. त्यानंतरचे सगळे, म्हणजे बड्या माणसाचा दरारा, गरिबाची मोडलेली गाडी आणि साक्षीदारांचे मौन, आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी रोज घडते.

लेखिका स्वतः वर्तमानपत्रातली होती हे कळल्यावर मला या गोष्टीचा उगम सापडल्यासारखा वाटला. आनी श्मिट यांचा जन्म 1911 सालचा, झीलंड प्रांतातल्या कापेले गावचा. वडील धर्मोपदेशक. त्या आधी ग्रंथपाल होत्या. महायुद्ध संपल्यावर 1946 मध्ये ॲमस्टरडॅमच्या ‘हेट पारोल’ या दैनिकाच्या कात्रण विभागात लागल्या. हे दैनिक जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये 1941 साली चोरून छापले जाऊ लागले होते आणि ते छापणाऱ्या-वाटणाऱ्या कितीतरी लोकांना त्यासाठी प्राण गमवावे लागले. अशा दैनिकाने युद्धानंतर या बाईंच्या बालकविता छापल्या. 1952 पासून ‘यिप आणि यानेके’ या दोन शेजारच्या मुलांच्या त्यांनी लिहिलेल्या छोट्या गोष्टी, फीप वेस्टेनडॉर्प यांच्या काळ्या सावल्यांसारख्या चित्रांसह, तिथेच येऊ लागल्या. आज डच घरांत ही दोन मुले ठाऊक नसलेला माणूस मिळणे कठीण. 1988 मध्ये श्मिट यांना बालसाहित्यातला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. देशाचा इतिहास शाळेत शिकवण्यासाठी डच लोकांनी जे पन्नास विषय निवडले, त्यांत राजे, युद्धे आणि महापूर यांच्या जोडीला या लेखिकेचेही नाव आहे.

संपादक महोदय, या लेखिकेला बळ एका दैनिकाने दिले होते. युद्धानंतर कागदाची चणचण असतानाही त्यांनी मुलांसाठी जागा काढली आणि ती त्या काळच्या सर्वांत चांगल्या लेखणीला दिली. आपल्याकडे मुलांचे पान सुट्टीत उगवते आणि जूनमध्ये मावळते. त्यातही निम्मे पान रंग भरण्याच्या चित्रांचे आणि कोड्यांचे. मुलांना कोडी आवडतात हे मान्य. पण पुढे काय होणार या ओढीने पुढच्या अंकाची वाट पाहायला लावील अशी गोष्ट त्यांना कोण देणार?

म्हणून मागणी अशी, की आठवड्यातून एकदा, वर्षभर, अर्धे पान मुलांना द्यावे. एक मराठी लेखक आणि एक चित्रकार यांना ते दीर्घकाळ सोपवावे. त्याच पानावर इंग्रजीपलीकडच्या मुलांच्या चित्रपटांची नीट ओळख करून द्यावी: डच, इराणी, जपानी, मल्याळम. चित्रपट कुठे पाहायला मिळेल आणि कोणत्या वयाला झेपेल हेही त्यात असावे, म्हणजे माझ्यासारख्या वाचनालय चालवणाऱ्यांना शोधाशोध करावी लागणार नाही. मुलांनी पाठवलेली पत्रेही छापावीत, आणि मोठ्यांनी त्यांतली भाषा सुधारू नये.

‘मिनूस’साठी मी केलेली मराठी संवादांची टिपणे कोणाला हवी असल्यास आपल्या कार्यालयाकडे आनंदाने पाठवीन.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा